रोप एक, डॉक्टर पाच

दुरास्नो, १९ ऑक्टोबर

आदरणीय हासिंता मावशीस,
धाकट्या नोएलियाकडून गालाला गाल लावून एक पापा. (उजव्याच गालाला. डाव्या बाजूची दाढ अजून ठणकत असेल, तर तिकडचा राहू दे.)

"या पोरीच्या हातात प्लॅस्टिकचं फूल दिलं तरी ते कोमेजेल," असं तू म्हणाली होतीस, त्याला यंदा एकोणचाळीस वर्षं झाली. मी सात वर्षांची होते. शाळेतून ओल्या कापसात घेवड्याचं बी रुजवून आणायला सांगितलं होतं. वर्गातल्या सगळ्यांचे घेवडे फुटले आणि माझा फुटला नाही, कारण तो फुटला का हे बघायला मी त्याला दिवसातून चार वेळा कापसाबाहेर काढत होते. तू बरणी उजेडाकडे धरलीस, आत पाहिलंस आणि ते वाक्य म्हणालीस. रागानं नाही, डॉक्टर रक्तगट सांगतात तसं. तेव्हापासून घरात ते रक्तगटासारखंच वापरलं गेलं. माझ्या लग्नातला फुलांचा गुच्छसुद्धा अगदी दारात पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता. (लग्नही पुढे कोमेजलं, पण त्याचा दोष मी तुझ्या वाक्याला देत नाही. त्याला गुस्तावो एकटा पुरेसा होता.)

तर मावशी, मी झाड लावलं आहे. खरंखुरं, कुंडीत. गांजाचं. जरा बसून वाच.

आधी खुशाली. तुझ्या कोंबड्या, कुत्रा आणि गुडघे कसे आहेत? तुमच्याकडे पाऊस झाला का? मी बरी आहे, चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे, माझा स्वतःचा नंबर मात्र वाढला. आईची तब्येत तू विचारणार नाहीस, म्हणून न विचारताच कळवते: आईचे हात गेले. म्हणजे आहेत जागेवर, पण बोटांचे सांधे सुजून अशी गाठोडी झाली आहेत की कोटाचं बटण लागत नाही, पत्ते धरता येत नाहीत, पेन तर नाहीच नाही. आणि पेनाची गोष्ट तुला सांगितल्याशिवाय पुढची कुठलीच गोष्ट तुला कळणार नाही. ऑगस्टमध्ये एका दुपारी मी दुकानातून लवकर आले, तर आई जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसलेली. कागदावर 'हा' एवढं एकच अक्षर, तेही कोंबडीनं उकरल्यासारखं. मी विचारलं, काय लिहितेस? तर म्हणाली, "हासिंताला पत्र. सहा वर्षं झाली, बास झालं आता." मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तर कागद चुरगळायचा प्रयत्न केला (तोही जमला नाही) आणि म्हणाली, "भांडण मी केलं, तर पत्रही मीच लिहीन. हात बरे झाले की लिहीन."

आता तू पत्राची घडी घालायला घेशील. घालू नकोस. भांडणाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. क्लबाच्या पत्त्यांच्या, त्रुकोच्या स्पर्धेत, शेवटच्या डावाला, तू भिडू म्हणून आईला नाक मुरडून हातातल्या पत्त्याची खूण केलीस, आणि आईला वाटलं तुला सर्दी झाली आहे. तुला त्या दिवशी सर्दी झालेलीही होती. बक्षिसाचं मेंढरू समोरच्यांनी नेलं. यात चूक कुणाची, यावर निम्मं दुरास्नो अजून वाद घालतं. मी घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की आईचे हात बरे झाले तर तुला पत्र येईल, आणि हात बरे व्हायचे तर मलम हवं. शेजारच्या वॉशिंग्टनच्या बहिणीला अशीच सांधेदुखी होती, तिनं घरच्या गांजाची फुलं तेलात मुरवून बोटांना चोळली, आणि आता ती स्वतःच्या कोटाची बटणं स्वतः लावते. (आईच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, बरं वाटेलच असं सांगत नाही, चोळून बघायला हरकत नाही. आईनं यातलं पहिलं अर्धं ऐकलंच नाही.)

औषधाच्या दुकानातून तयार फुलं घे ना, असं तू म्हणशील. मीही म्हटलं. पण कायद्याप्रमाणे पोस्टात गांजासाठी नाव नोंदवताना एकदाच काय ते ठरवावं लागतं, घरी लावणार, लागवडीच्या क्लबात जाणार की दुकानातून घेणार. आणि आई माझ्यासोबत आली होती. "अनोळखी झाडाचं मलम मी लावणार नाही," म्हणाली, "कुणी कसं वाढवलं असेल काय माहीत." झालं. मी घरी लावणार या रकान्यात सही केली, बोटांचे ठसे दिले, आणि आई काचेपलीकडच्या बाईला सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "हातांसाठी आहे गं, डोक्यासाठी नाही. डोकं माझं चालतंय." मागं उभ्या असलेल्या माणसानं टोपी काढून तिला अभिवादन केलं.

वॉशिंग्टनच्या बहिणीनं पाच बिया दिल्या. सप्टेंबरात पेरल्या. चार तुझ्या वाक्याच्या बाजूनं गेल्या. पाचवी मात्र, का कोण जाणे, पाचव्या दिवशी मान वर काढून उभी राहिली. मावशी, मी शेहेचाळीस वर्षांची बाई, कुंडीपुढे जमिनीवर बसून रडले. दोन गोल इवलीशी पानं होती, ताटलीसारखी आडवी पसरलेली, आणि मधे करवतीसारख्या कडांची आणखी दोन, नखाएवढी. आईनं बाबांचा फोटो खिडकीच्या फळीवरून उचलून कपाटावर ठेवायला लावला आणि तिथं कुंडी ठेवली. "त्याला कुठं उजेड लागतो आता," म्हणाली. कायद्यानं लावलंय म्हणजे लपवायचं कशाला, असं तिचं म्हणणं. त्यामुळे रस्त्यावरून जाणारा-येणारा प्रत्येक जण खिडकीत डोकावून रोपाची चौकशी करू लागला, आणि तिथून आमच्या हालांना सुरुवात झाली.

महिन्याच्या अखेरीला त्यातलं खालचं एक गोल पान पिवळं पडलं.

मी दुकानातून डोळे तपासायचं भिंग घरी आणलं. (मालकांना सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.) पानाच्या पाठीवर एक काळं, बारीक, वळलेलं काहीतरी दिसलं. कीड! मी झाडांच्या किडींचं पुस्तक काढलं, स्वयंपाकघरातून साबणाचं पाणी आणलं, कापूस बुडवला, आणि पुन्हा भिंग लावलं तेव्हा किडी दोन झाल्या होत्या. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा लक्षात आलं, त्या माझ्या पापणीचे केस आहेत. पण तोवर पान साबणानं धुऊन झालं होतं, आणि धुतल्यानंतर ते अधिकच पिवळं दिसू लागलं. मग मी दिवसभर उन्हामागे कुंडी फिरवू लागले, सकाळी खिडकीत, दुपारी स्वयंपाकघरात, चार वाजता न्हाणीघरात टबाच्या काठावर. रोप उजेडाकडे मान काढून काढून लांब आणि लुकडं झालं, शिंगरू उभं राहायला शिकताना थरथरतं तसं. मी त्याला आईच्या विणकामाच्या सुईचा टेकू दिला. ती सुई आता नुसतीच पडून असते, ते वेगळं.

पान पिवळं पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन आला. वॉशिंग्टन तुला आठवत असेल, रेल्वेत सिग्नल देत होता, आता निवृत्त आहे आणि सिग्नल सगळ्यांना देतो. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाच्या कडू पाल्याचा तुंबा, तो चोखायची नळी तोंडात. त्यानं खुर्ची ओढली, कुंडीपाशी बसला, तीन तुंबे येर्बा प्यायला आणि मग निदान सांगितलं. "तहान. पोरी, माणूस काय, इंजिन काय, झाड काय, कोरडं पडलं की रंग जातो." मी म्हटलं, अहो, माती ओली लागतेय हाताला. तर म्हणाला, "वरून ओली. आतून तहान. तुला आतलं काय कळणार, तू काचा पुसणारी." आणि पाणी घातलं. त्यानंतर तो रोज सकाळी आला आणि रोज तहान लागलेली आढळली.

आईचं निदान वेगळं. दृष्ट. "रस्त्यावरून सगळे बघतात, कौतुक करतात, आणि दृष्ट लागू नये म्हणून हात मात्र कुणी लावत नाही," म्हणाली. लहान बाळाला बांधतो तशी लाल फीत काढली आणि मला बांधायला लावली. फीत रोपापेक्षा जड. रोप सुईसकट आडवं झालं. मग फीत कुंडीला बांधली. रोपाची दृष्ट निघाली की कुंडीची, यावर त्या दिवशी आमच्यात शब्दाला शब्द लागला.

दुसरंही गोल पान पिवळं पडलं तेव्हा आईनं गुरांचे डॉक्टर एचेगाराय यांना बोलावणं धाडलं. मी नको म्हटलं. पण बाबांच्या वेळेपासून आमच्या घरात दुखणं कुणाचंही असो, शेवटी एचेगारायच येतात. माझे गालगुंडसुद्धा त्यांनीच पाहिले होते. ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि काखेतला थर्मास त्यांचाही सुटलेला नाही. त्यांनी वरचं पान दोन बोटांनी असं उलटं केलं, जणू गाईच्या डोळ्याची पापणी. मग खोड चिमटीत धरून घड्याळ बघत बसले. मी विचारलं, काय करता? म्हणाले, "सवय." मग आईकडे वळून म्हणाले, "निल्दाबाई, हे वासरू असतं तर मी आधी शेण बघितलं असतं."

"मग बघा की," आई म्हणाली. "मातीत घातलेलंच आहे."

त्यांनी निदान केलं, अंगात क्षार कमी आहेत. चाटायला मिठाचा खडा द्या म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, हे चाटणार कशानं? तर तीन तुंबे येर्बा होईपर्यंत विचार केला आणि म्हणाले, "बरोबर. मग पाण्यातून." (मीठ मी घातलं नाही, मावशी, एवढी अक्कल आहे मला. पण त्यांचा मान राखायला कुंडीच्या शेजारी मिठाचा खडा ठेवला. शेजारणीचं मांजर तो चाटून गेलं.)

रोप मात्र दिवसेंदिवस मान टाकत होतं. नवीन पान येईना. पानांची टोकं खाली वळलेली, जड, फुगल्यासारखी. कुंडीभोवती बारीक चिलटं उडू लागली. आई रोज सकाळी विचारायची, "आज कसं आहे?" आणि मी म्हणायची, बरं आहे, आणि ती टेबलावर बोटं पसरून बघत बसायची. रोपाचं आणि बोटांचं तिनं असं काही जोडून टाकलं होतं की एक पान पिवळं पडलं की एक बोट जास्त दुखायचं. मला वाटायला लागलं, हे रोप गेलं तर ती कागद पुन्हा काढणारच नाही. सहा वर्षांनी तिच्या तोंडून तुझं नाव निघालं होतं, आणि ते एका कुंडीच्या भरवशावर होतं, आणि कुंडी माझ्या भरवशावर. तुझं वाक्य मला रात्रंदिवस ऐकू यायचं.

शेवटी गेल्या शनिवारी मी कुंडी मांडीवर घेऊन बसस्टँडजवळच्या रुबेनच्या दुकानात गेले. हा पूर्वी मासेमारीचे गळ विकायचा. आता लागवडीचं सामान विकतो, दिवे, माती, कुंड्या. गांडुळं तेव्हाही विकायचा आणि आताही विकतो. इतके दिवस मी त्याच्याकडे का गेले नाही, असं तू विचारशील. कारण रुबेन येर्बा पीत नाही. चहा पितो. कपातून. सगळ्या गावाचं म्हणणं, ज्याच्या काखेत थर्मास नाही त्याच्या पोटात काय आहे हे कुणी सांगावं? आईनं तर मला निघताना बजावलं होतं, "ऐक त्याचं, पण विश्वास ठेवू नकोस."

रुबेननं रोपाकडे पाहिलंच नाही. बोट मातीत खुपसलं, बाहेर काढलं, हुंगलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"माती," मी म्हटलं.

"ही माती नाही." त्यानं चमच्यानं वरचा थर उचलून कागदावर पसरला. हिरवट, तपकिरी, दमट, काड्याकाड्यांचा. मग पुन्हा एक चमचा. तोही तसाच. चार बोटं खोल जाईपर्यंत तसाच. "तुमच्या घरी येर्बा किती जण पितात?"

"सगळेच," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता कागदावरचा पाला मी ओळखला.

मावशी, तू आत्ता हे वाचताना तुझ्याही हातात तुंबा असेल. त्यातला पाला बेचव झाला की तू तो कुठं उलटा करतेस? कुंडीत. मी कुठं करते? कुंडीत. आपल्या आजीनं कुठं केला? जिरेनियमच्या कुंडीत, गुलाबाच्या मुळाशी, लिंबाच्या आळ्यात. आणि थर्मासात तळाशी उरलेलं कोमट पाणी? तेही तिथंच, फेकायचं कशाला. यात विचार करायचा असतो हेच कुणाला ठाऊक नाही. शिंक येते तसं ते होतं. वॉशिंग्टन रोज सकाळी कुंडीपाशी बसून तहानेचं निदान करत होता आणि उठताना तुंबा रोपाच्या पायाशी उलटा करून थर्मास रिकामा करत होता. डॉक्टर एचेगाराय नाडी बघत होते आणि तुंबा उलटा करत होते. खिडकीतून डोकावणाऱ्यांनी किती केले याची गणतीच नाही. मी भिंग लावून तासन् तास बसायची, तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात काय होतं? जितकं रोप आजारी, तितके बघायला येणारे जास्त. जितके बघायला येणारे जास्त, तितका पाला जास्त. ते बिचारं तहानेनंही नाही आणि दृष्टीनंही नाही, आमच्या काळजीत गुदमरत होतं. रुबेननं दोनच सूचना दिल्या: कुंडी बदला, आणि हात लावू नका. माती सुकल्याशिवाय पाणी नाही. पैसे फक्त कुंडीचे घेतले.

रविवारी मी सगळ्यांना घरी बोलावलं. आई, वॉशिंग्टन, डॉक्टर. रोप मधोमध टेबलावर. रुबेननं सांगितलं ते मी शब्दाला शब्द सांगितलं. सगळे हादरले. वॉशिंग्टन म्हणाला, "कोण करतं हे असलं? रोपाच्या कुंडीत? माणसं आहेत की जनावरं?" डॉक्टर म्हणाले, "जनावरांना मधे आणू नका, जनावर कधी असं करत नाही." वॉशिंग्टनचा संशय खिडकीतल्या लोकांवर, खास करून पोस्टातल्या त्या टोपीवाल्यावर. डॉक्टर म्हणाले, खिडकीला जाळी लावा. तुंबा फिरत होता, एकाकडून दुसऱ्याकडे. आणि डॉक्टर "ही बेशिस्त आहे, नोएलिया, शुद्ध बेशिस्त" असं म्हणता म्हणता उठले, तुंब्यातला पाला बेचव झाला होता तो कुंडीत उलटा केला, बुडावर दोनदा थोपटलं, आणि पुन्हा खुर्चीत बसून म्हणाले, "गुन्हेगार सापडायलाच हवा."

कुणाला काही दिसलंच नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. आणि मावशी, आई हसायला लागली. पाहिलंच नव्हतं तिला असं हसताना कित्येक दिवसांत. डोळ्यांतून पाणी, खुर्चीतून घसरायला आलेली, सुजलेले हात हवेत धरलेले, कारण हसताना पोटावर दाबले तर ते दुखतात. डॉक्टरांना वाटलं हिला झटका आला. त्यांनी तिचंही खोड धरून घड्याळ बघितलं.

त्याच दुपारी मी रोप नव्या कुंडीत लावलं. मुळं ओल्या दोऱ्यासारखी झालेली, अर्धी तपकिरी. जुनी कुंडी माती भरून शेजारी ठेवली आणि वर चिठ्ठी लावली, 'पाला इथे'. आईनं तिच्यात जिरेनियमची एक काडी खोचली. वॉशिंग्टनला मी समजावलं. तो दुखावला, चार दिवस आला नाही, पाचव्या दिवशी आला आणि थर्मास दाराबाहेर ठेवून बसला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. हात कुठं ठेवावेत हेच त्याला कळेना.

पण खरी गोष्ट मला सोमवारी सकाळी कळली, आणि ती मी कुणाला सांगितलेली नाही. मी लवकर उठले होते. आई खिडकीपाशी होती. तिला तुंबा बोटांनी धरता येत नाही म्हणून ती तो दोन मनगटांच्या मधे धरते, तसा धरून हळूहळू येर्बा पीत होती. पिऊन झाली. पाला टाकायचा डबा स्वयंपाकघरात, आठ पावलांवर, आणि त्याचं झाकण तिला उघडत नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही मनगटं नव्या कुंडीवर कलती केली, आणि रोपाला म्हणाली, "हे घे बाबा. आजच्यापुरतंच." मावशी, सगळ्यांत जास्त पाला तिचाच होता. रोज पहाटेचा. मी पाऊल मागं घेतलं, दारात जरा आवाज केला, आणि ती गेल्यावर चमच्यानं सगळं काढलं. डब्याचं झाकण काढून टाकलं आणि डबा खिडकीपाशी आणून ठेवला.

तर आता परिस्थिती अशी: आठवडा झाला, रोप जिवंत आहे, पण जागच्या जागी. नवीन पान नाही. रुबेन म्हणतो, थांबा. डॉक्टर म्हणतात, क्षार. वॉशिंग्टन तोंडानं काही म्हणत नाही, पण त्याचे डोळे तहान म्हणतात. मला तुझं निदान हवं आहे. तुझ्या हातानं कुंपणाचे खांबसुद्धा पालवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ अर्धं कुजलेलं असेल तर रोप सावरतं का? पाणी किती दिवसांनी घालू? फोटो पाठवला असता, पण फोटो घेणारा फोन तू घरात येऊ देत नाहीस, आणि छापून पाठवला तर म्हणशील, चित्रातल्या रोपाला मी हुंगू कसं. म्हणून एक पिवळं पान कागदाच्या घडीत घातलं आहे. पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते, तो वळणावरच्या वाण्याकडे टाकेल.

कोंबड्यांना आणि कुत्र्याला माझी आठवण सांग. दाढ काढून घे.

तुझी भाची,
नोएलिया

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं आहे. आज सकाळी रोपाला नवी पानं आली! दोन, हिरवीगार, प्रत्येकाला तीन बोटं. मी धावत रुबेनकडे गेले. तो म्हणाला, येणारच होती. मग मी त्याला ते घडीतलं पिवळं पान दाखवलं, सगळ्याची सुरुवात झाली ते खालचं गोल पान, आणि विचारलं, मुळात हा आजार कुठला होता? तर म्हणाला, हा आजार नव्हे. ती बियाण्याची पहिली पानं असतात, काम संपलं की पिवळी पडतात आणि गळतात. सगळ्यांची. म्हणजे मावशी, रोपाला सुरुवातीला काहीही झालेलं नव्हतं. जे झालं ते सगळं उपचारांमुळे. वरती मी जे विचारलं आहे, त्याचं उत्तर आता नको.

ता. क. दुसरा. उत्तर नको असं लिहिलं खरं, पण जाता जाता रुबेननं आणखी एक सांगितलं. ही झाडं नर निघतात किंवा मादी, आणि मलमाची फुलं फक्त मादीला येतात. बिया साध्या होत्या. एकच रोप उरलं आहे. काय निघेल ते जानेवारीच्या आसपास कळेल, आणि मादी निघालंच तर फुलं तयार व्हायला एप्रिल उजाडेल. त्यानंतर मलम, त्यानंतर हात, त्यानंतर पेन. आणि मलमानं हात सुधारतीलच असं डॉक्टर म्हणाले नव्हते, ते मी वर कंसात लिहिलं आहे, तू वाचलं असशील. आईला यातलं काही मी सांगितलेलं नाही. ती आज नव्या पानांकडे बघून म्हणाली, "बघ, लिहीन मी." तिला शहात्तरावं सरत आलं, तुला एकोणऐंशी. एका रोपावर एवढं ओझं घालावं असं मला वाटत नाही.

ता. क. तिसरा. सोबत एक पाकीट आहे. तिकीट लावलेलं, पत्ता घातलेला. पत्त्यात माझं नाव नाही, आईचं आहे. आत काय लिहायचं ते तू ठरव. त्रुकोबद्दल लिहू नकोस, माफी मागू नकोस, तिनं मागावी असंही म्हणू नकोस. रोपाला पाणी किती दिवसांनी घालायचं एवढंच लिहिलंस तरी चालेल, ते मला आता रुबेनकडून कळलं असलं तरी. चुकीचं लिहिलंस तरी चालेल. वाचता तिला येतं, मावशी, फक्त लिहिता येत नाही. तू म्हणशील, आधी तिनं. तू म्हणशील, नाक मी मुरडलं होतं, ते तिनं पाहायला हवं होतं. नाहीच म्हणशील, हे पाकिटावर तिकीट लावतानाही मला माहीत होतं. तरी, एकदाच, तू आधी लिही.